तो वेळ आणि ती वेळ: देवाने दिलेल्या दिवसांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जय ख्रिस्त सगळ्यांना. मिरजेत आमची दर गुरुवारी संध्याकाळी कॉटेज प्रेअर असते, या आठवड्यात एकाकडे, पुढच्या आठवड्यात दुसऱ्याकडे, आणि वचन झालं की चहा येईपर्यंत प्रश्न सुरू होतात. मी ३४ वर्षं नर्सिंग केलं, आता रिटायर आहे. मी पाळक नाही, सेमिनरीत शिकलेली नाही. पण गेल्या वर्षभरात वेळेबद्दलच इतक्या जणांनी विचारलं की म्हटलं एकदा नीट लिहूनच काढावं. ज्याला जो प्रश्न लागू पडतो तो वाचा, सगळं वाचलंच पाहिजे असं नाही.

२४ तास तर सगळ्यांनाच मिळतात, मग त्यात देवाची देणगी ती काय?

सगळ्यांना मिळतात म्हणूनच देणगी आहे ना. कमाईची गोष्ट असती तर कष्टाळू माणसाला ३० तास आणि आळशाला १० मिळाले असते. प्रभू येशू म्हणालाच आहे, स्वर्गातला बाप नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर दोघांवरही पाऊस पाडतो, तसंच हे.

उत्पत्तीची पहिली दोन पानं परत वाचा. देवाने सूर्य चंद्र केले ते नुसते उजेडासाठी नाही, दिवस, ऋतू आणि वर्षं कळावीत म्हणूनसुद्धा. आणि सगळं निर्माण करून झाल्यावर त्याने पहिल्यांदा पवित्र ठरवलं ते काय? डोंगर नाही, मंदिर नाही, तर एक दिवस, सातवा. मला हे कळलं तेव्हा मी बराच वेळ गप्प बसले होते, कारण मी आयुष्यभर चर्चच्या इमारतीत चप्पल काढून जात होते आणि मंगळवार मात्र कसाही तुडवत होते.

आपल्याकडे कुणी आहेरात साडी दिली तर त्यांच्या घरच्या कार्यक्रमाला आपण आठवणीने तीच नेसून जातो, त्यांनी बघावं, त्यांना बरं वाटावं म्हणून. देवाने दिलेला दिवस वापरताना माझ्या मनात एवढंच असतं, देणाऱ्याला दिसू दे की मी तो नेसलाय.

"वेळेचा सदुपयोग करा" असं पौल म्हणतो, म्हणजे एक मिनिटही वाया घालवायचं नाही का?

नाही, आणि इथेच बऱ्याच जणांची गडबड होते. बायबलमध्ये प्रेषित पौलाने इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या ५व्या अध्यायातलं हे वचन आहे. ग्रीक भाषेत वेळेला दोन शब्द होते, ख्रोनोस म्हणजे घड्याळातला, मोजायचा वेळ, आणि कैरोस म्हणजे योग्य घडी, संधी. पौलाने इथे कैरोस वापरलाय. आणि "सदुपयोग करा" जिथे आहे तिथला मूळ शब्द बाजारातला आहे, विकत घेऊन सोडवून आणणे असा.

आता गंमत बघा, आपल्या मराठीत हा फरक आधीपासून आहे, आपलं लक्ष नसतं इतकंच. "खूप वेळ लागला", "वेळ गेला", तिथे आपण तो वेळ म्हणतो. आणि "जेवायची वेळ झाली", "वेळ चुकली", "कुणावर काय वेळ येईल सांगता येत नाही", तिथे ती वेळ. शब्द तोच, पण तो वेळ मोजायचा असतो आणि ती वेळ ओळखायची असते. पौल "ती"बद्दल बोलतोय.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे ज्यांनी बघितलेत त्यांना हे पटकन कळेल. दिवसभर यार्डात बसून राहिला म्हणून माल मिळत नाही, सौदा बोलला जातो त्या घडीला तिथं हजर आणि जागं असावं लागतं. नुसता बिझी राहणारा माणूस वेळेचा सदुपयोग करतोच असं नाही, तो "तो वेळ" नुसता भरत राहतो आणि "ती वेळ" सोडून देतो, असं मी स्वतः कित्येक वर्षं केलंय, त्याबद्दल खाली लिहिलंय.

सकाळी पाचला उठून प्रार्थना करणं जमत नाही. मी कमी विश्वासू आहे का?

अजिबात नाही. प्रभू पहाटे अंधार असताना उठून एकांतात गेला हे मार्कात आहे, खरंय, पण लूकात तो रात्रभर डोंगरावर प्रार्थना करत होता हेही आहे. निकदेम प्रभूकडे रात्री आला. पौल आणि सीला तुरुंगात मध्यरात्री गाणी म्हणत होते. नाईट ड्युटीला मी तीनच्या राउंडला प्रत्येक बेडपाशी बीपी घेताना त्या पेशंटचं नाव मनात घ्यायचे, तेवढीच माझी प्रार्थना असायची आणि ती देवाला पोचायची. पहाटे उठता येत असेल तर उठाच, डोकं शांत असतं. पण बारा तास शिफ्ट करून आलेल्या पोरीला "पाचला उठत नाहीस म्हणजे तू थंड झालीस" असं कुणी म्हणू नका, मला ते ऐकून राग येतो.

द्राक्षाच्या सीझनमध्ये रविवार पाळता येत नाही, काय करायचं?

हा प्रश्न आपल्या भागातला अगदी खराखुरा प्रश्न आहे. फळछाटणीनंतर बाग कुणासाठी थांबत नाही. रात्री पाऊस पडला, सकाळी धुकं आलं तर दावण्या या बुरशीच्या रोगाच्या भीतीने फवारणी काढावीच लागते, रविवार असो नाहीतर ख्रिसमस. प्रभू स्वतः म्हणाला की शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, मनुष्यासाठी झाला, मनुष्य शब्बाथासाठी नाही, आणि बैल विहिरीत पडला तर शब्बाथ दिवशी काढणार नाही का असंही त्यानेच विचारलं. तेव्हा त्या सकाळी फवारा, मनात खंत ठेवू नका.

पण निर्गमच्या ३४व्या अध्यायात एक वाक्य आहे जे शेतकऱ्यांनी जरूर वाचावं. सातव्या दिवशी विसावा घे म्हणताना देव मुद्दाम म्हणतो, नांगरणीच्या आणि कापणीच्या दिवसांतसुद्धा. म्हणजे सीझन ही सबब देवाला तेव्हापासून माहीत आहे! एखादा रविवार अडचणीत गेला ही वेगळी गोष्ट, आणि ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत एकही रविवार नाही ही वेगळी. आणि अजून एक, बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकात लिहिलंय की तुझ्या दासदासींनाही तुझ्यासारखा विसावा मिळावा. तुम्ही रविवारी घडांची विरळणी लावली की टेम्पोतून येणाऱ्या बारा बायकांचाही रविवार जातो, त्यांच्या घरी धुणं तसंच पडलेलं असतं. मालक सुट्टी घेईल तेव्हाच त्यांना सुट्टी.

मोबाईलमध्ये तास-दोन तास कसे जातात कळत नाही. उपाय?

मी माझाच स्क्रीन टाइम बघितला तेव्हा रोजचा ३ तास १० मिनिटं निघाला, आणि त्यात अर्धे तर भक्तिगीतांचे व्हिडिओ आणि वचनांचे फॉरवर्ड होते, म्हणजे मला वाटत होतं मी देवासोबत आहे. तेव्हापासून फोन रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला लावते, उठायला साधं गजराचं घड्याळ आणलं, आणि सकाळी कागदाचंच बायबल उघडते. मोबाईलवर वचन वाचणं चुकीचं नाही, पण वाचता वाचता वरून नोटिफिकेशन टपकलं की आपण संपलो.

मी पूर्ण वेळ चर्चच्या कामात असतो, घरचे कुरकुर करतात. पण ही तर प्रभूची सेवा आहे ना?

या प्रश्नाला मी शांतपणे उत्तर देऊ शकत नाही, त्यामुळे जरा लांबेल.

माझी आई साताऱ्याला भावाकडे असायची. तिला दिसायला कमी झालं तेव्हा तिने मला फोनवर सांगितलं, मोठ्या टायपातला नवा करार आण गं, हा आता वाचवत नाही. मी आणला. दुसऱ्याच दिवशी आणला. आणि तो माझ्या पर्समध्ये तीन आठवडे राहिला, कारण आमच्या महिला संघाचं शिबिर होतं, जेवणाचं, मंडपाचं, वक्त्यांच्या राहण्याचं सगळं माझ्याकडे. मिरजेहून सातारा म्हणजे काय अमेरिका नाही, सकाळची एसटी धरली तर संध्याकाळी परत येता येतं. "शिबिर झालं की येते आई" असं मी दोनदा सांगितलं. ती म्हणाली, "देवाचं काम आहे बाई, सावकाश ये."

शिबिर छान झालं. चौथ्या दिवशी तिला पॅरालिसिसचा झटका आला. मी पोचले, करार तिच्या हातात दिला, तिने तो डाव्या हाताने छातीवर धरला पण वाचणं आता होणार नव्हतं. मग मी वाचून दाखवलं, अकरा दिवस, लूकापासून सुरू केलं आणि ती गेली तेव्हा नवव्या अध्यायात होतो.

मार्थेची गोष्ट आपण शंभर वेळा ऐकलीय, बहीण मरीया प्रभूच्या पायाशी ऐकत बसली आणि मार्था पाहुणचाराच्या कामात धावत राहिली ती. पण मार्था काही टाइमपास करत नव्हती, ती प्रभूसाठीच राबत होती, हे माझ्या डोक्यात त्या अकरा दिवसांत शिरलं. आणि मार्काच्या ७व्या अध्यायात प्रभू परुश्यांना, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या धर्मपुढाऱ्यांना, केवढा खडसावतो, आईबापांना द्यायचं ते "कुर्बान" म्हणजे देवाला वाहिलेलं आहे असं सांगून तुम्ही हात झटकता म्हणून. तिथे पैशाअडक्याची गोष्ट आहे, पण वेळही तसाच कुर्बान करून टाकता येतो, आणि मी केला होता.

तेव्हा घरचे कुरकुर करत असतील तर त्यांना विश्वासात कच्चे म्हणू नका. या आठवड्यातल्या एका मीटिंगला न जाता घरी बसून बघा, मीटिंग होते तुमच्याशिवाय.

तीन वर्षं एमपीएससी केली, निघाली नाही. ही वर्षं वाया गेली का?

आमच्या तरुण संघातली चार-पाच पोरं या अवस्थेत आहेत, त्यातलं एक जण तर लग्नकार्यालाही येत नाही, लोक विचारतात म्हणून.

बेटा, मत्तयाच्या २०व्या अध्यायात द्राक्षमळ्याच्या धन्याची गोष्ट आहे. तो पहाटे मजूर आणायला जातो, मग नऊला, बाराला, तीनला, आणि पाच वाजता परत जातो. पाच वाजता बाजारात उभ्या असलेल्यांना विचारतो, दिवसभर रिकामे का उभे? ते म्हणतात, आम्हाला कुणी कामावर लावलंच नाही. आळशी होते म्हणून नाही, कुणी घेतलं नाही म्हणून! सकाळी नाक्यावर डबा घेऊन उभे राहणारे आणि दहा वाजले तरी कुठलाच टेम्पो न थांबलेले मजूर मी रोज बघितलेत, त्यांचे चेहरे असेच असतात, लाजल्यासारखे, खरं तर चूक त्यांची नसते. धनी त्यांना रागावत नाही, "तुम्हीही जा" म्हणतो, आणि मजुरी पूर्ण दिवसाची देतो.

आणि बागेतलीच दुसरी गोष्ट. एप्रिलमध्ये खरडछाटणी होते तेव्हा वेल असा भुंडा करतात की नवख्याला वाटावं संपली बाग. त्यानंतर महिना-दोन महिन्यांत त्या काडीच्या डोळ्यांमध्ये पुढच्या पिकाचे घड तयार होत असतात, उघड्या डोळ्यांना काही दिसत नाही, पण माल लागणार की नाही ते तेव्हाच ठरतं. तुझी तीन वर्षं कशाची होती हे आज तुलाही दिसणार नाही. पण चौथा अटेम्प्ट द्यायचा की नाही हे भीतीने नको ठरवू, आईवडिलांशी आणि पाळकसाहेबांशी बसून बोल, घरची परिस्थिती किती दिवस झेपेल ते खरं खरं विचार, आणि दरम्यान हाताला काहीतरी काम धर. योएल संदेष्ट्याच्या पुस्तकात देव म्हणतो, टोळांनी खाल्लेल्या वर्षांची मी भरपाई करीन. पिकांची नाही, वर्षांची.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा वेळ काय कामाचा?

असं पेशंटच मला विचारायचे, "सिस्टर, देव आता कशाला ठेवतोय मला?" याला झटपट उत्तर नसतं आणि देऊही नये. मी खुर्ची ओढून बसायचे. एक म्हातारे गृहस्थ होते, कमरेखाली काही चालत नव्हतं, त्यांनी वॉर्डातल्या प्रत्येकाची नावं पाठ केली होती आणि रोज दुपारी एकेकासाठी प्रार्थना करायचे, जातधर्म न बघता, डिस्चार्ज झालेल्यांसाठीसुद्धा. आम्ही स्टाफ हातातलं टेन्शन त्यांना सांगून पुढच्या बेडकडे पळायचो. त्या वॉर्डात त्यांच्याइतकं काम कुणी केलं असेल असं मला वाटत नाही.

सगळ्यांना "हो" म्हणून वेळ संपतो. "नाही" म्हणणं प्रेमात बसतं का?

बसतं. कफर्णहूमात अख्खं गाव प्रभूला शोधत होतं तेव्हा तो म्हणाला, चला, आपण दुसऱ्या गावांना जाऊ. बेथेस्दा तळ्यापाशी कितीतरी आजारी पडलेले होते, योहान एकालाच बरं केल्याचं सांगतो. आणि शेवटी बापाला म्हणतो, तू दिलेलं काम मी पुरं केलं. लोकांनी दिलेलं नाही, तू दिलेलं. मात्र हेच वचन घेऊन शेजारच्या मयतीला जायचं टाळू नका, तसं करणारेही मी बघितलेत.

मुहूर्त, अमावस्या बघावी का? घरचे वडीलधारे म्हणतात.

आपल्याला गरज नाही. पौलाने गलतीकरांना दिवस, महिने, वर्षं पाळण्याबद्दल बोलून दाखवलंय, आणि स्तोत्रकर्ता म्हणतो हा दिवस परमेश्वराने केला आहे. अमावस्याही त्यानेच केली. पण शेजारी पंचांग बघून वास्तुशांत करत असतील तर त्यांना हसू नका, बोलावलं तर जा, जेवा, शुभेच्छा द्या.

टीव्ही, क्रिकेट, दुपारची झोप हे पाप आहे का?

एलीया संदेष्टा रानात झुडपाखाली "मला मरण दे" म्हणाला तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. त्याला झोपू दिलं, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, आणि परत झोपू दिलं. तेव्हा झोपा खुशाल. मॅचही बघा, पण बघायचीच असेल तर सगळ्यांसोबत बसून बघा, हातात दुसरा मोबाईल घेऊन नको.

प्लॅनिंग करणं म्हणजे देवावर अविश्वास दाखवणं नाही का?

नाही, याकोब आपल्या पत्रात प्लॅनिंगला नाव ठेवत नाही, "प्रभूची इच्छा असली तर" हे शब्द त्यातून गाळण्याला ठेवतो. ऑगस्ट २०१९ आठवा. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५. कुणाच्या डायरीत तो आठवडा पूर म्हणून लिहिला होता? माझ्या डायरीत भाचीचा साखरपुडा आणि दाताच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट होती. आमच्या घरी तीन कुटुंबं राहायला आली, एक ओळखीचंही नव्हतं, रोज पन्नास-साठ भाकऱ्या व्हायच्या, आणि संध्याकाळी सगळे मिळून गाणी म्हणायचो. ठरवलेलं एकही काम झालं नाही त्या दिवसांत. डायरी मी अजूनही लिहिते, आता पेन्सिलीने लिहिते.

हातात घेतलेलं काम अर्धवटच राहिलं तर?

साताऱ्याच्या लोकांनी हे माहीत करून घ्यावं. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१७ नंतर साताऱ्यात राहिले, मिशनच्या नोकरीतून मोकळे होऊन "देवाचा दरबार" ही ख्रिस्तभक्तांची मंडळी त्यांनी तिथे सुरू केली. १९१९ मध्ये ते गेले. "ख्रिस्तायन" हे त्यांचं महाकाव्य सुरुवातीचे अध्याय होऊन तसंच राहिलं होतं. पुढचे अध्याय त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी लिहून पूर्ण केले, म्हणजे ज्या बाईंना लग्नानंतर अक्षरओळख झाली त्यांनी. टिळकांनी "आता वेळ पुरणार नाही" म्हणून सुरूच केलं नसतं तर त्यांना पुढे न्यायला काय उरलं असतं? मिरजेत डॉक्टर वॉनलेस यांनी १८९४ मध्ये दवाखाना सुरू केला, त्यानंतर कितीतरी पिढ्यांनी इथे रुग्णसेवा शिकली. ते सगळं त्यांनी बघितलं नाही.

वय झालं. "आमचे दिवस गणायला शिकव" म्हणजे किती उरले ते मोजायचं का?

९०वं स्तोत्र मोशेचं आहे, आयुष्य सत्तर वर्षं, फार तर ऐंशी, असं त्यातच म्हटलंय. सत्तर वर्षं म्हणजे साधारण २५,५५० दिवस. मी हा आकडा काढला तेव्हा पोटात खड्डा पडला, खोटं कशाला सांगू, कारण माझे ६६ वर्षांचे होऊन गेलेत.

मग तासगावकडचे एक बागायतदार आमच्याकडे आले होते, त्यांना सहज विचारलं, बाग कशी आहे? म्हणाले, "एक्केचाळिसावा दिवस." छाटणीपासूनचा. ते असेच मोजतात सगळे, कितवा दिवस आहे त्यावरून आज काय करायचं ते ठरतं, डिपिंग (घड औषधात बुडवणं) कधी, विरळणी कधी. किती दिवस उरले म्हणून घाबरून कुणी मोजत नाही. मी त्या रात्री ते स्तोत्र परत वाचलं.

आमच्या मंडळीत दोन आजीबाई आहेत, एकीला मोतीबिंदू, दुसरीला वाचायलाच येत नाही. दर मंगळवारी दुपारी मी त्यांच्याकडे जाते, आईचा तो मोठ्या टायपातला करार घेऊन. परवा लूकाचा दहावा अध्याय झाला, मार्थेपाशी आल्यावर दोघी माझ्याकडे बघून हसल्या, मी काहीच बोलले नाही. येत्या मंगळवारी अकरावा आहे, कुणाला यायचं असेल तर चारला या.